थोरलीला न विचारता

ब्लफ, ४ डिसेंबर
सकाळी, चहा झाल्यावर

नायरी,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच केरात टाकशील, म्हणून पत्ता तुझ्या मेहुण्याच्या हातचा आहे. डुगलचं अक्षर इतकं वाईट की पर्थच्या पोस्टमनला वाटेल एखाद्या डॉक्टरने पाठवलंय. निदान उत्सुकतेपोटी तरी फाडशील.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला आत्ता एक जहाज दिसतंय. फार मोठं नाही, पण नाक वर करून उभं आहे. काल संध्याकाळी धक्क्याला लागलं. उद्या दुपारी ते दक्षिणेच्या बेटांकडे निघणार, आणि त्यात मी असणार. हो, मीच. समोरच्या राकीउरा बेटाच्या फेरीबोटीत मांडीवर बादली घेऊन बसणारी तुझी बहीण.

पण नुसतं चालत जाऊन त्यात बसायचं नाही. सगळ्या प्रवाशांनी आज इन्व्हरकार्गिलच्या हॉटेलात जमायचं, तिथे सामान तपासून घ्यायचं, एकत्र जेवायचं, झोपायचं, आणि उद्या बसने परत इथे, माझ्या खिडकीखाली यायचं. मी त्यांच्या ऑफिसात फोन करून सांगितलं, अहो, मला जहाजाचा धूर दिसतो घरातून. ती मुलगी म्हणाली, नियम सगळ्यांना सारखा. डुगल सकाळपासून हसतोय. "दक्षिणेला जायचं म्हणून बाईसाहेब आधी उत्तरेला निघाल्या," म्हणतो. "उद्या बसमधून आपल्या घरावरून जाशील तेव्हा हात कर, मी पडदा हलवीन."

मला कोण नेतंय, हे तू विचारशीलच. जहाजवाल्यांना इथल्या मूळच्या, आपल्या लोकांतली एक बाई हवी होती. बेटं आपली, तर तिथे उतरणाऱ्या पाहुण्यांना आपल्याच बाईने स्वागताची हाक घालून किनाऱ्यावर घ्यावं, हे त्यांच्या डोक्यात उशिरा का होईना पण आलं. पहिल्या रबरी होडीतून मी जायचं. दगडांवर उभं राहायचं. मी हाक घातल्यावर बाकीच्यांनी उतरायचं. सभाघराच्या मंडळींनी सप्टेंबरात माझं नाव सुचवलं, मी हो म्हणून बसले.

आणि तुला विचारलं नाही.

थोरली हयात असताना तिला न विचारता धाकटीने हाक घालायची नसते, हे काय मला शिकवायला हवंय? लहानपणापासून तेच ऐकत आले. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. फोन उचलायचे आणि ठेवायचे. आज लिहितेय. डुगलने मघाशी खांद्यावरून वाचलं आणि म्हणाला, "अगं, हे पर्थला पोचेपर्यंत तू जाऊन परत आलेली असशील."

मी म्हटलं, "टपालाला लागतो तेवढा वेळ लागणारच."

"म्हणजे विचारल्यासारखंही झालं आणि उत्तरही यायला नको," तो म्हणाला आणि गाडी बाहेर काढायला गेला. सदतीस वर्षं संसार केलेल्या माणसाला घरात ठेवूच नये.

निघते. मागच्या परड्यातून हिरवी डहाळी तोडून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळली आहे. हात रिकामा ठेवून हाक कशी घालायची?


इन्व्हरकार्गिल, त्याच दिवशी
दुपारनंतर

पोचले. वाटेत वारा असा होता की गाडी आपोआप डावीकडे जात होती आणि डुगल आपोआप शिव्या देत होता. हॉटेलच्या दारात त्याने माझी बॅग ठेवली, इकडे तिकडे पाहिलं आणि गालावर ओठ टेकवले. दिवसाढवळ्या, लोकांसमोर! मग स्वतःच लाजला आणि भरधाव निघून गेला. चीजरोलचा डबा गाडीतच राहिला म्हणून पाच मिनिटांनी परत आला.

नायरी, इथली माणसं बघायला तू हवी होतीस. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून आलीत. दोन-दोन विमानं चुकलेली, बॅगा हरवलेल्या, पायांना सूज. आणि एकाच्याही तोंडावर कुरकुर नाही. सगळे नकाशाभोवती घोळका करून, ज्या वाऱ्याला आपण जन्मभर नावं ठेवली त्या वाऱ्याबद्दल नवरदेवाबद्दल बोलावं तसे बोलतायत. मला आधी हसू आलं. मग जरा लाज वाटली. दारात समुद्र असून मी कधी राकीउराच्या पलीकडे गेले नाही.

माझ्या खोलीत डल्सी नावाच्या बाई आहेत, ॲडलेडच्या. वय ऐंशी. गुडघे दोन्ही नवे घातलेले. आल्या आल्या मला म्हणाल्या, "मी घोरते. तुम्ही?"

"माझा नवरा म्हणतो, घोरते."

"छान. म्हणजे कोणाला कोणाची भीड नको." मग पलंगावर बसून बूट काढता काढता सांगू लागल्या. "आमचे हे जन्मभर पक्षी बघायचे आणि मी ह्यांच्याकडे बघायची. आता हे नाहीत. म्हटलं, एवढं काय असायचं त्या पक्ष्यांत, बघून तर येऊ." घराबाहेर एकटीने केलेला हा त्यांचा पहिला प्रवास. तोही ह्या समुद्रात! मी त्यांना दोन चीजरोल दिले. एक खाल्ला, दुसरा रुमालात बांधला आणि म्हणाल्या की असल्या पावासाठी सुद्धा येणं वसूल झालं.

आता सामान तपासणीचं ऐक. खालच्या मोठ्या खोलीत लांब टेबलं मांडलीत. जहाजावरची एक मुलगी, ब्रॉनिन, तिथे उभी होती. हातात चिमटा, कपाळाला दिवा. त्या बेटांवर बाहेरचं एक बी जाता कामा नये, म्हणून ती प्रत्येकाचे बूट, शिवणी, खिसे तपासते. माझ्या बुटांच्या तळव्यातून तिने ब्लफच्या टेकडीची माती काढली. मोज्यातून कुसळं काढली. बुटांच्या चिकटपट्ट्यांमधून एकेक तूस उपटून पांढऱ्या बशीत ठेवलं. आपल्या आजीने उवा काढताना इतका जीव लावला नसेल. तिची मान दुखत असणार, पण शेवटच्या माणसाच्या बुटालाही पहिल्याइतकाच वेळ. मी सुरुवातीला नाक मुरडलं होतं, नंतर तिचं काम बघतच राहिले. आपल्या बेटांची इतकी काळजी आपण तरी कधी घेतली?

मग तिने माझी बॅग उघडली आणि ओलं वर्तमानपत्र बाहेर आलं.

"हे काय?"

"डहाळी. हाक घालताना हातात धरतात."

तिचा चेहरा पडला. "मावशी, एक पान सुद्धा नेता येत नाही हो."

एवढी जन्मभराची शहाणी मी! बी जाऊ नये म्हणून चाललेल्या तपासणीला आख्खी फांदी घेऊन आले. मागच्या रांगेत कोणीतरी खुसकन हसलं, मीही हसले. म्हटलं, ठेव बाई, हात रिकामा तर रिकामा.

ती काळा कोट घेऊन खिसे उलटे करू लागली, तोवर माझं हसू टिकून होतं. डाव्या खिशातून सुकलेल्या पानांचा चुरा निघाला आणि एक काटकी. ती म्हणाली, "इथेही डहाळीच होती वाटतं. जुनी दिसते."

तुला माहीत आहे ती कधीची. सहा वर्षांपूर्वी सभाघराच्या नव्या भोजनगृहाचं उद्घाटन झालं त्या दिवसानंतर तो कोट मी अंगात घातलेला नाही.

आता लिहायला घेतलंच आहे तर लिहूनच टाकते. वर्षभर हेनी मावशीने मला तयार केलं होतं. ओसरीवर मी उभी होते, ही डहाळी हातात होती. उत्तरेकडची मंडळी फाटकाशी जमली होती. मी श्वास घेतला, तोंड उघडलं आणि माझ्या मागून तुझा आवाज आला. पर्थहून आदल्या दिवशी उतरलेली तू, वर्षानुवर्षं त्या ओसरीवर पाऊल न ठेवलेली, मला ओलांडून पुढे गेलीस. मी डहाळी खिशात कोंबली आणि स्वयंपाकघरात जाऊन बटाटे सोलले. तेव्हापासून ते काम माझंच आहे. हाक आता आत्तेबहीण घालते.

राग आला होता, अजून आहे. इथे राहून भांडी घासायची मी, छप्पर गळलं की बादल्या ठेवायच्या मी, आणि तुझं विमान उतरलं की पुढचा पाट तुझा! पण नायरी, खरं तेही लिहिते. तुझी ती हाक ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. उत्तरेकडच्या त्या दांडग्या म्हाताऱ्याने टोपी काढून छातीशी धरली. माझ्या हातातली सुरी थांबली. इतकी चिडलेली होते आणि मनात म्हणत होते, बघा, ही माझी बहीण आहे. तुझ्यासारखा आवाज आपल्या किनाऱ्यावर दुसरा नाही, आणि मी तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकला.

ब्रॉनिनने तो चुरा व्हॅक्यूमने ओढला नाही. माझ्या तोंडाकडे पाहून तिने तो चिमट्याने पाकिटात भरला, वर माझं नाव घातलं आणि म्हणाली, "हे हॉटेलात राहील. परत आल्यावर मागून घ्या." मग खिसा व्हॅक्यूमने दोनदा साफ केला, कारण नियम तो नियम.

जेवायला बोलावतायत.


इन्व्हरकार्गिल, ५ डिसेंबर
सकाळी, बस यायच्या आधी

काल संध्याकाळचं अर्धं तुला माहीत आहे. अर्धं माहीत नाही, ते लिहिते.

जेवणाच्या आधी जहाजाच्या म्होरक्याने मला उभं केलं आणि सांगितलं, ह्या बाई तुम्हाला बेटावर घेणार आहेत, काय करायचं ते त्यांच्याकडून ऐका. सगळी माणसं काटेचमचे खाली ठेवून माझ्याकडे बघू लागली. मी सांगितलं: यजमानांची बाई हाक घालते. त्या हाकेत नुसतं या-बसा नसतं. गेलेल्यांना हाक असते, तुमच्याबरोबर आलेल्या तुमच्या गेलेल्यांनाही असते. मग पाहुण्यांतली एक बाई तिकडून ओ देते. ओ आल्याशिवाय कोणी एक पाऊल टाकायचं नाही. आली की सावकाश, सगळ्यांनी मिळून यायचं.

कोणी वहीत लिहून घेतलं नाही, सगळे नुसते ऐकत होते. मला बरं वाटलं.

तेवढ्यात डल्सीबाईंनी हात वर केला. "आणि ही हाक कोण घालू शकतं? कोणीही?"

मी म्हटलं, "नाही. थोरली घालते. धाकटीने घालायची तर थोरलीला विचारायचं."

"तुम्ही थोरल्या का?"

"धाकटी."

"मग बहीण काय म्हणाली?"

बाईंच्या मनात काही नव्हतं गं. पुढचा साधा प्रश्न होता. पण एवढी माणसं, आणि त्यांच्यासमोर मी आत्ताच नियम सांगितलेला. नियम सगळ्यांना सारखा म्हणून डहाळी काढून घेतलेली. खोटं तोंडातून निघेना. मी म्हटलं, "अजून विचारलं नाही," आणि खुर्ची मागे सारून बाहेर गाडीतळावर गेले. उजेड भरपूर होता, वारा पडला होता. नंबर दोनदा चुकला.

तू उचललास आणि पहिला शब्द बोललीस, "कोण गेलं?"

"कोणी नाही."

"मग फोन कशाला केलास?"

मी एका दमात सगळं सांगितलं. बेट, होडी, दगड, सप्टेंबर. मागे तू चालवतेस त्या शाळेच्या बसचं इंजिन आणि खिडकीची काच थडथडत होती. तिकडे अजून दुपारच होती आणि शाळेबाहेर बस लावून तू पोरांची वाट बघत होतीस, हे मला तेव्हा कळलं.

"म्हणजे हो म्हणून टाकलंस आणि आता विचारतेस," तू म्हणालीस.

"हो."

"जहाज उद्या निघणार."

"हो."

"तुझ्या कामाची ही रीत जन्माची आहे." मग म्हणालीस, "घाल बघू."

"आत्ता? अगं, मी गाडीतळावर आहे. कचऱ्याच्या पेट्यांपाशी."

"बेटावर तुझ्यासाठी मांडव घातलाय का? चार-पाच मिनिटांत घंटा होईल माझी. घालतेस का ठेवू?"

मी घातली. पहिला सूर चिरका निघाला, तुला ऐकू आलंच असेल. तू "पोटातून" म्हणालीस, हळूच, आणि मी पुन्हा सुरू केलं. एका हातात फोन, दुसरा रिकामा. आईला हाक घातली, बाबांना घातली, त्या बेटांवर सील प्राण्यांच्या शिकारीला नेलेल्या आणि परत न आलेल्या आपल्या माणसांना घातली. सहा वर्षं बटाटे सोलताना मनातल्या मनात म्हटलेलं सगळं एकदाच बाहेर आलं. रस्त्यापलीकडे एक कुत्रं भुंकायला लागलं आणि गप्प झालं. शेवटचा सूर सोडला आणि वाट बघत राहिले, आता तू चुका काढणार. लहानपणापासून काढत आलीस.

आणि तू ओ दिलीस.

यजमानाची हाक परत घालून दाखवली नाहीस, हे असं म्हणायचं असतं असं म्हणाली नाहीस. फाटकाबाहेर उभी असलेली बाई देते ती ओ दिलीस. पर्थच्या त्या उन्हात, शाळेच्या बसमध्ये, चाकावर हात ठेवून. तू पाहुणी झालीस, नायरी, आणि मला घरची केलंस. तुझा आवाज अजून तसाच आहे. जरा खरखरीत झालाय, तो त्याला शोभतो. मधेच पोरं बसमध्ये चढल्याचा गलबला आला आणि मग तो गलबला एकदम थांबला. ओ संपली आणि तू फोन ठेवलास.

आता तुला माहीत नाही ते. फोन खाली घेतला आणि मागे वळले, तर हॉटेलच्या दारात सगळी माणसं उभी. माझा आवाज ऐकून बाहेर आली होती. पुढे डल्सीबाई, हातात जेवणाचा रुमाल, त्यांच्यामागे ब्रॉनिन, कपाळावर दिवा तसाच, मग बाकीचे पायरीपायरीवर दाटीवाटीने. एकानेही पायरी सोडलेली नाही. ओ आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, असं मीच सांगितलं होतं ना. तुझी ओ माझ्या कानात आली, त्यांना कुठली ऐकू येणार! म्हणून ती बिचारी तशीच थांबली होती. सूप निवत होतं, वारा पुन्हा उठत होता, आणि ती माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती की आली का ओ.

"आली," मी म्हटलं. मग हात वर केला.

ती सावकाश, सगळी मिळून आली. गाड्यांच्या मधून, माना खाली घालून. डल्सीबाई रडत होत्या. मला म्हणाल्या, "आमच्या ह्यांनाही बोलावलंत का हो?" मी म्हटलं, सगळ्यांना बोलावलं. त्यांनी माझा रिकामा हात धरला आणि आत जेईपर्यंत सोडला नाही. रात्री दोघी घोरलो असू, कोणी तक्रार केली नाही.

बस आली, खाली नावं पुकारतायत. हे पत्र आता धक्क्यावरच्या पेटीत टाकीन. पोचायला लागायचा तेवढा वेळ लागू दे, आता मला त्याची घाई नाही आणि भीतीही नाही. बेटावर मी नीट घालीन. चुकलं तर आल्यावर सांगेन, खोटं बोलणार नाही.

पण एक विचारायचं राहिलं, ते आता वेळेवर विचारते. शाळेला सुट्टी लागली की ये. मागच्या दाराने स्वयंपाकघरातून येऊ नकोस. फाटकाशी उभी राहा, ऊन असो की पाऊस. मी ओसरीवर असेन, बटाटे कोणीतरी दुसरं सोलेल. मी हाक घालीपर्यंत पाऊल टाकू नकोस.

तुझी धाकटी,
हारियाता